गुन्ह्यांचा राज्यवार नकाशा: कोणते आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पुणे जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीला भूगोल शिकवते. प्रदर्शनासाठी मुलांनी भारताचा नकाशा घेतलाय: कुठल्या राज्यात कुठला गुन्हा जास्त, ते छटांनी दाखवायचं. आकडे एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करणारी केंद्र सरकारची संस्था) २०२२च्या अहवालातले.

खुनाचा नकाशा आधी केला. उत्तर प्रदेशात ३,४९१ खून, महाराष्ट्रात २,२९५. पोरं लगेच म्हणाली, "बाई, आपण बरे!" मग दर लाख लोकसंख्येमागे हिशोब करायला लावला. उत्तर प्रदेश १.५, आपण १.८, देशाची सरासरी २.१. वर्ग गप्प झाला. मला तेच हवं होतं.

अडलं ते पुढे. भादंविच्या (तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या) एकूण गुन्ह्यांचा दर रंगवला तर केरळ गडद आणि बिहार फिका. खुनाच्या नकाशात मात्र केरळ ०.९ आणि बिहार २.३! गुन्हे वाढणं वेगळं आणि त्यांची नोंद वाढणं वेगळं, असं अहवालच बजावतो. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो.

हे मला अनुभवाने पटलंय. दोन वर्षांपूर्वी बसमध्ये माझ्या पर्समधून मोबाइल मारला. पोलीस ठाण्यात 'गहाळ' म्हणून लिहून घेतला, चोरी म्हणून नाही. म्हणजे आकडेवारीत माझी चोरी झालेलीच नाही. याउलट दिल्लीत वाहनचोरीची तक्रार २०१५पासून ऑनलाइन देता येते. मग तिथला आकडा फुगलेला दिसणारच ना?

तर माझे प्रश्न. खून सोडून कुठला गुन्हा राज्याराज्यांत विश्वासाने ताडून पाहता येईल? मृतदेह सहसा लपत नाही, म्हणून खून घेतला. वाहनचोरीही चालेल असं वाटतं, कारण विम्यासाठी एफआयआर लागतोच. पण ज्यांनी विमाच काढलेला नाही त्यांचं काय?

मुलांना आता जिल्हेही हवेत. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय ऑगस्ट २०१८मध्ये वेगळं झालं, त्यामुळे पुणे शहराचे आधीचे आणि नंतरचे आकडे जुळत नाहीत. रेल्वे पोलिसांची नोंद वेगळी, म्हणजे लोकलमधल्या चोऱ्या मुंबई शहराच्या आकड्यात नाहीत. हे सगळं जोडून घ्यायचं की वेगळं ठेवायचं? आणि आयुक्तालयाच्या हद्दीतली लोकसंख्या कुठून काढायची? ज्यांनी पोलीस खात्यात किंवा सांख्यिकीत काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

सगळ्यांत जास्त घोर मला स्त्रियांवरील गुन्ह्यांच्या नकाशाचा आहे. त्यात पती व सासरच्यांच्या छळाची प्रकरणं सर्वांत जास्त. गडद रंग म्हणजे तिथे छळ जास्त, की तिथल्या बायका निदान ठाण्यापर्यंत पोचतात? चौदा वर्षांच्या मुलामुलींना हे कसं समजावू? तो नकाशा गाळावा असं एक सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही.

माझ्या वर्गात बिहारहून आलेल्या कुटुंबांतली चार मुलं आहेत. नकाशा भिंतीवर लागला की तीही त्याच्यासमोर उभी राहणार. म्हणून खालच्या टिपेत नेमकं काय लिहावं, दोन-तीन ओळीच, कुणी सुचवेल का? प्रदर्शन पुढच्या शनिवारी आहे, तक्ते गुरुवारी छपाईला द्यायचेत.