पहिलीच गोळी उडत नाही, बाकीच्या उडतात. मदत हवी आहे

ऊन_सावली
पिस्तूल साफ, काडतुसं नवी. तरी सरावाला गेलं की पहिली गोळी उडत नाही, नुसतं 'टक्'. अंगठ्याने घोडा मागे ओढून लगेच चाप दाबला की तीच उडते. पुढच्या सगळ्या सुरळीत. तीनदा झालं. काडतुसांचा ब्रँड बदलू का? लवकर सांगा, हे रोज कमरेला असतं.

रेंजमास्तर
कॅलिबर कोणतं? काडतूस कारखान्याचं की घरी भरलेलं? आणि 'टक्' झाल्यावर थांबता किती?

ऊन_सावली
9 बाय 19 मिमी, कारखान्याचं. थांबायचं कशाला?

रेंजमास्तर
हँगफायरसाठी. कधीकधी प्राइमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी) नाहीतर दारू उशिरा पेट घेते आणि तुम्ही तोवर पिस्तूल वळवून बघत असता. नळी सुरक्षित दिशेलाच, बोट चापाबाहेर, 30 सेकंद. मग मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढा, गोळी खाली पडू द्या. काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीवर तळहात धरून झेलायची सवय असेल तर सोडा. प्राइमर इजेक्टरवर, म्हणजे काडतूस बाहेर फेकणाऱ्या दांडीवर, आपटला तर काडतूस उघड्यावर फुटतं आणि पितळ तळहातात घुसतं. न उडालेली गोळी रेंजवरच्या फुसक्या गोळ्यांच्या डब्यात टाका, कचऱ्यात नको.

थाप_आणि_ओढ
30 सेकंद? समोरचा तोवर चहा पिणार का? मॅगझिनच्या बुडाला थाप, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा, पुढची गोळी तयार. सवय हीच लागली पाहिजे.

रेंजमास्तर
जिवावर बेतलं तर तेच करा. इथे माणूस सरावाबद्दल विचारतोय. सवय लावायची तर डमी काडतुसं मिसळून लावा. आणि तुमच्या थाप-ओढीला एक अपवाद आहे, तो सांगायला विसरलात. 'टक्' ऐवजी 'फुस्' झालं, धक्का नेहमीपेक्षा कमी बसला, तर स्लाइड ओढून पुढची गोळी झाडायची नाही. आधीची नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी गेली की नळी फुगते किंवा फाटते. पिस्तूल रिकामं करा, नळी सुटी करून आरपार उजेड दिसतो का बघा.

सहाघरी
म्हणून म्हणतो, रिव्हॉल्व्हर घ्या. नाही उडाली? चाप परत दाबा, पुढचं घर समोर.

व्हर्निअर
आणि मागची हँगफायर असेल तर ती नळीसमोर नसताना फुटते. सरावात रिव्हॉल्व्हरलाही तेच 30 सेकंद, सिलिंडर बंद ठेवून.

चामडं_आणि_पितळ
काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात साठवू नका. कमावताना वापरलेल्या रसायनांनी पितळेवर हिरवा थर चढतो, मग गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, अडकते.

ऊन_सावली
चामड्याचं कोणी विचारलं? ब्रँड बदलू की नको?

व्हर्निअर
खड्डा बघितल्याशिवाय ब्रँडला दोष नको. प्राइमरवर खोल, मधोमध खड्डा आणि तरी उडाली नाही, तर काडतूस वाईट. तुमची दुसऱ्या ठोक्याला उडते, म्हणजे प्राइमर जिवंत आहे, पहिल्या ठोक्याचा जोर कुठेतरी खर्च होतोय. घोड्याची स्प्रिंग ढिली असती किंवा फायरिंग पिनच्या (प्राइमरला ठोकणाऱ्या सुईच्या) भोकात तेल-काजळी चिकटली असती, तर मधल्या गोळ्याही अडल्या असत्या. अडते फक्त पहिली, जी तुम्ही हाताने भरता. कशी भरता?

ऊन_सावली
स्लाइड धरून हळू पुढे नेतो, आवाज नको म्हणून. रात्री गोळी काढतो, सकाळी तीच वर ठेवून भरतो. ह्यात काय चुकलं?

व्हर्निअर
दोन्ही. हळू सोडलेल्या स्लाइडला जोर मिळत नाही. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस धरणारा आकडा, काडतुसाच्या कडेवर धड चढत नाही, स्लाइड केसभर मागे राहते. घोड्याचा पहिला ठोका तिला पुढे ढकलण्यातच संपतो, दुसरा प्राइमरला बसतो. पूर्ण मागे ओढून सोडून द्या, हात लावू नका. मग बोट चापाबाहेर ठेवून स्लाइडची मागची कड फ्रेमशी जुळली का बघा.

आता रोजच्या त्या गोळीचं. प्रत्येक भरणीत तिचं टोक रॅम्पवर (चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर) आपटतं आणि ते टोक काडतुसाच्या पितळी नळकांड्यात आत सरकतं. आत जागा कमी झाली की दाब वाढतो, 9 मिमीत जरा जास्तच. कमाल एकूण लांबी 29.69 मिमी, पण तुलना त्याच पेटीतल्या न वापरलेल्या गोळीशी करा.

थाप_आणि_ओढ
स्लाइड पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंगही बदला. थकलेली असेल तर सोडून देऊनही स्लाइड अडेल.

रेंजमास्तर
आधी मोजू तर द्या. आणि कमरेला जी काडतुसं लावता, तीच सगळ्या मॅगझिनांतून मिळून निदान शंभर-दोनशे झाडून बघा. सरावाच्या स्वस्त गोळ्या नीट उडतात, ह्यावरून पोकळ टोकाच्या गोळ्यांचं काही कळत नाही. रॅम्पवर अडखळतात त्याच.

ऊन_सावली
मोजलं. पेटीतली 29.2, रोजची 28.5. स्लाइड सोडून देऊन पेटीतल्या दहा गोळ्या एकेक भरून झाडल्या, दहाही पहिल्या ठोक्याला उडाल्या. म्हणजे ब्रँड ठीक आहे. धागा बंद करा.

व्हर्निअर
28.5 वाली कुठे आहे?

ऊन_सावली
मॅगझिनमध्ये. सगळ्यात वर.

व्हर्निअर
आत्ता काढा. झाडायची नाही, फुसक्यांच्या डब्यात. मग धागा बंद करू.