पुन्हा: जुलैत ठाण्याला कोण येतंय? स्प्रे प्रायमर हवाय

श्रीधर (पाचपाखाडी):
मंडळी, जुलैत परदेशातून ठाण्याला येणाऱ्या कोणाच्या बॅगेत जागा आहे का? करड्या स्प्रे प्रायमरचे, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तराचे, दोन डबे हवेत. टेबलावर मांडून खेळायच्या वसईच्या लढाईचे ६० छोटे शिपाई आलेत, २८ मिमी उंचीचे, पण अजून बिनरंगाचेच पडलेत. १५ ऑगस्टला क्लबहाऊसमधलं टेबल टेनिसचं टेबल मिळतंय. ते ९ बाय ५ फूट, आपल्याला ६ बाय ४ पुरे. पानिपताच्या वेळेसारखं पुठ्ठ्यावर नावं लिहून खेळणं आता नको.

विद्याताई (सेक्रेटरी):
श्रीधर, रंगाचा स्प्रे विमानात चालत नाही. हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनलाही नाही. कोणी भिडेखातर 'आणतो' म्हणेल आणि विमानतळावरून फोन मला करेल. लोणच्याच्या बरणीच्या वेळी आलाच होता. आणि विषय बदलला की नवीन मेल सुरू करा, हे पाचव्यांदा सांगतेय.

मुकुंदकाका (घोडबंदर रोड):
विमानाचं सोड, पण ठाण्यात जुलैत स्प्रे मारतं का कोणी? गेल्या पावसाळ्यात मी गॅलरीत बारा घोडेस्वारांवर मारला. हवा इतकी दमट की वाळेपर्यंत सगळ्यांच्या अंगावर रवा उमटला. घोड्यांना देवी आल्यासारख्या दिसत होत्या. आठवडाभर जुन्या टूथब्रशने घासत बसलो, ही म्हणाली भांडी तरी घासा. त्यापेक्षा ब्रशने जेसो लाव, कॅनव्हासला रंगाआधी लावतात तो लेप, चित्रकलेच्या दुकानात मिळतो. थेंबभर पाणी घालून दोन पातळ हात, मधे एक रात्र पंख्याखाली.

समीर (वाशी):
काका, जेसोने चेहरे बुजतात. १५ मिमीवर तर नाकच उरत नाही.

मुकुंदकाका:
डब्यातून थेट थापलास तर बुजणारच. पातळ म्हटलं होतं. आणि १५ मिमीचे कोणाकडे आहेत? तुझ्याकडेच.

समीर:
माझ्याकडेच आहेत आणि शंभर आहेत. तेव्हाच १५ घ्या म्हणत होतो. २८ घेतले की तट, घरं, झाडं सगळंच त्या मापाचं करावं लागतं.

ओंकार (नेरुळ):
नमस्कार, मी यादीवर नवीन आहे. न रंगवता खेळता येत नाही का?

सुलभामावशी:
तटाचा विषय निघालाय म्हणून लिहिते. तट कोण करतंय? दिवाळीचा किल्ला अकरा वर्षं माझ्याकडे होता. तिकडच्या बेसमेंटमध्ये ट्यूबलाइटखाली हळीव उगवून दाखवलेत मी, तेव्हा परस्पर कोणी सुरुवात करू नये. थर्मोकोलचा तट तर नकोच. त्यावर स्प्रे पडला की तो विरघळतो, आणि सजावटीच्या थर्मोकोलला महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पुठ्ठा, वर कागदाचा लगदा.

श्रीधर:
मावशी, तट तुमचाच. पण वसईचा पुरा तट टेबलावर मावणार नाही. सुरुंग लावायला एक बुरूज आणि दोन्ही बाजूंना फूटभर भिंत, बस.

समीर:
मुळात वेढा खेळायला कंटाळवाणा. पोर्तुगीज तटावर बसून राहणार आणि आपण फासे टाकत सुरुंग खणणार. त्यापेक्षा १७३७ ची ठाण्याची लढाई घ्या. तेव्हा किल्ल्याचं बांधकाम पुरं झालं नव्हतं, म्हणजे मावशींचंही काम कमी.

सुलभामावशी:
माझं काम कमी करा असं कोणी म्हटलं?

विद्याताई:
ठाण्याचा किल्ला म्हणजे आताचा तुरुंग ना? मग त्याची मापं कशी घेणार? वसईत निदान फिरता तरी येतं.

मुकुंदकाका:
ओंकारला कोणी उत्तरच दिलं नाही. बाळा, खुशाल खेळ. एच. जी. वेल्सने १९१३ च्या पुस्तकात दुकानातून आणलेले सैनिक तसेच जमिनीवर मांडलेत आणि खेळण्यातल्या तोफेने पाडलेत. प्रत्येक बाजूला वीसेक शिपाई, चार फासे आणि इंचाची टेप, एवढ्यावर सुरू होतं. फक्त शिपायांच्या पायाखालच्या चकत्या सगळ्यांच्या एका मापाच्या ठेव, मग कोण कोणाला भिडलं यावर भांडण होत नाही. १/७२ मापाचे (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे) मऊ प्लास्टिकवाले घेतलेस तर आधी साबणाने धू, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

समीर:
धुतले तरी निघतात.

श्रीधर:
ठरलं तर. स्प्रे रद्द. लढाई १७३७ ची, बुरूज एकच आणि तो मावशींचा. जेसो मी आणतो, रविवारी चार वाजता माझ्याकडे या, आपापले ब्रश घेऊन. ओंकार, येताना टेप आणशील? माझी शिंप्याकडे राहिलीय.

समीर:
कापडी नको आणूस, ती ताणते.