दोन स्लॉटची जमेची बाजू

स्वस्त मदरबोर्ड टोकाच्या ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्यापेक्षा खूप जास्त वेगाने चालवायला, निरुपयोगी असतात, असं वर कोणीतरी म्हटलंय. त्यांच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या सर्किटला) त्यासाठी लागणारा करंट झेपत नाही, हे मान्य. हीटसिंक नसलेले मॉस्फेट (व्हीआरएममधले वीज चालू-बंद करणारे स्विच) लोडखाली सहज शंभर अंश गाठतात आणि बोर्ड प्रोसेसरचा क्लॉक (वेग) खाली ओढतो. पण म्हणून असे बोर्ड टोकाच्या ओव्हरक्लॉकिंगला निरुपयोगीच, हे पटत नाही. रॅमबद्दल कोणी बोललंच नाही! या बोर्डांवर बहुधा रॅमचे दोनच स्लॉट असतात, त्यामुळे ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा) आखूड राहतात, रिकाम्या स्लॉटमुळे सिग्नल बिघडत नाही आणि रॅम जास्त वेगाने चालवता येते. खास ओव्हरक्लॉकिंगसाठी बनवलेल्या महागड्या बोर्डांवरही याच कारणाने दोन स्लॉट ठेवतात.

प्रोसेसर थंड करायला द्रव नायट्रोजन, म्हणजे उणे १९६ अंश, वापरणार असाल तर दवाला जपा. इन्सुलेशन सॉकेटभोवती (प्रोसेसर बसतो तिथे) नीट दाबून बसवा, बोर्डाच्या पाठीलाही. तिथलं पाणी पटकन दिसत नाही.