हेलडायव्हर्स २ : अडीच हजार घालायचे का नाही?

रात्रपाळीवाला
मंडळी, हेलडायव्हर्स २, म्हणजे चौघांनी ऑनलाइन मिळून परग्रहांवर किड्यांशी नि रोबोटांशी लढायचा गेम, महिनाभर विशलिस्टला पडलाय. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात अडीच हजाराच्या आसपास आहे आणि या वर्षी एकच गेम घ्यायचा असं घरी कबूल केलंय, त्यामुळे चुकून चालणार नाही. आमची चौकडी म्हणजे मी पुण्यात, एक नाशिकला, एक बंगलोरला आणि एक मेलबर्नला, आम्ही शनिवारी रात्री नऊला बसलो की मेलबर्नवाल्याचे दीड नाहीतर अडीच वाजलेले असतात, तरी बिचारा येतो. मित्राकडे दोन तास खेळून बघितला, पोट दुखेपर्यंत हसलो. मागे किडे लागलेत, आपण पळता पळता वर-उजवीकडे-खाली-खाली-खाली असा कोड दाबतोय, पाचशे किलोचा बॉम्ब मागवला आणि तो नेमका आपल्याच माणसाच्या डोक्यावर. आपली गोळी आपल्याच माणसाला लागते आणि ते बंद करायची सोयच नाही, हीच तर गंमत. माझं मत घ्यावा असं आहे. कुणाला विरोध करायचा असेल तर करा.

खाणकामगार
मी करतो की. अर्ध्याहून कमी पैशात सेलला डीप रॉक गॅलॅक्टिक मिळतो, डेन्मार्कच्या घोस्ट शिपचा, २०२० चा आहे पण अजून जिवंत आहे. चार बुटके, चार वेगळी कामं. स्काउटनं वर फ्लेअर, म्हणजे उजेडाची गोळी, मारला नाही तर खाणीत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही, खनिज उंचावर असेल तर इंजिनियरनं खाली फळी मारून द्यायची तेव्हा स्काउट तिथं टिकणार, ड्रिलर परतीचा बोगदा काढतो. याला म्हणतात को-ऑप, मिळून खेळणं. तुझ्या गेममध्ये चौघंही तेच, आकाशातून काहीतरी मागवायचं आणि पळायचं.

प्राजक्ता_पीएस५
दादा तुम्ही खेळलायत का नक्की? ऑटोकॅनन या मोठ्या बंदुकीची गोळ्यांची पिशवी दुसऱ्याच्या पाठीवर दिली की तो बाजूला उभा राहून भरून देतो आणि एकजण नुसता मारत सुटतो, हे काय एकट्याचं काम आहे? आणि मोहिमेच्या बाहेरचं युद्ध विसरलात तुम्ही. सगळ्या खेळाडूंचं मिळून एकच युद्ध चालू असतं, नकाशावरचा ग्रह हातातून गेला तर सगळ्यांचाच गेला. मॅलेव्हलन क्रीक नावाच्या जंगली ग्रहावर रोबोटांनी आमचा जो भुगा केला तो केला, मग २०२४ च्या एप्रिलमध्ये परत घेतला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकलेला. एका ग्रहासाठी. आईला काय कारण सांगितलं ते विचारू नका.

हिशोबी
भावना बाजूला ठेवा जरा. मे २०२४ आठवतोय का? हा गेम विकणाऱ्या सोनीनं जाहीर केलं की पीसीवाल्यांनी पण प्लेस्टेशनचं अकाउंट जोडायचं, नाहीतर खेळायचं नाही. ज्या देशांत ते अकाउंट काढताच येत नाही अशा शंभराहून जास्त देशांत स्टीमवरची विक्रीच बंद झाली. लोकांनी निगेटिव्ह रिव्ह्यूंचा पाऊस पाडला तेव्हा तीन दिवसांत माघार. लोक भडकले म्हणून सुटले, नाहीतर? वर कायम ऑनलाइन, एकटे खेळलात तरी सर्व्हर लागणार, म्हणजे उद्या सर्व्हर बंद केला की तुमचे अडीच हजार स्वाहा. चीटिंग पकडायला गेमगार्ड म्हणून जे बसवतात ते थेट विंडोजच्या गाभ्यात जातं. ज्या मशीनवर बँकेचं काम करतो त्यावर मी नाही टाकणार.

रात्रपाळीवाला
गेमगार्डचं पटलं, खरंच विचार केला नव्हता. पण अकाउंटचा राडा मिटला ना भाऊ, आणि आपल्याकडे ते अकाउंट तसंही निघतं. पैसे उकळतात म्हणाल तर तेही पूर्ण खरं नाही. वॉरबाँड म्हणजे हत्यारांचे संच, बहुतेक हजार सुपर क्रेडिटला (गेममधलं चलन) एक, पण ती क्रेडिट मोहिमेत जमिनीवर पडलेली सापडतात आणि वॉरबाँडला मुदत नसते. बाकी ठिकाणी कसं, सीझन संपायच्या आत खेळा नाहीतर गेलं. इथं दिवाळीत घेतलेला पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवा.

हिशोबी
दहा-दहा क्रेडिट सापडतात रे. हजार जमवायला किती शनिवार लागतील ते मेलबर्नवाल्याला विचार.

बाबा_ऑन_कॉल
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. पॉझ नाही. एकटा खेळलो तरी पॉझ नाही. मोठी मोहीम चाळीस मिनिटांची, आमचं पिल्लू दीड वर्षाचं, पस्तिसाव्या मिनिटाला बरोब्बर उठतं. डीप रॉकमध्ये एकटा असलो की पॉझ करून दूध गरम करून येतो, बॉस्को नावाचा ड्रोन सोबतीला असतोच. ज्यांना पोरं आहेत त्यांनी यावर आधी विचार करावा, ग्राफिक्सवर नंतर.

खाणकामगार
बाबांना सलाम. अजून एक, ऑगस्ट २०२४ मध्ये हेलडायव्हर्सला मोठं अपडेट आलं आणि ज्या फ्लेमथ्रोवरवर, म्हणजे आग ओकणाऱ्या बंदुकीवर, लोक जीव टाकत होते तोच लुळा केला. साठ दिवसांत सुधारतो म्हणून जाहीर करावं लागलं गेम बनवणाऱ्यांना.

प्राजक्ता_पीएस५
आणि सप्टेंबरमध्ये खरंच सुधारलं, ते सांगा की. तेव्हा बंदुकांची ताकद भरपूर वाढवली, डिसेंबरमध्ये इल्युमिनेट ही शत्रूंची तिसरी जमात फुकट आणली. बरं, रात्रपाळीवाले दादा, डिस्कला जागा आहे का? आधी पीसीवर दीडशे जीबी खायचा, साध्या हार्ड डिस्कवर लवकर लोड व्हावा म्हणून तोच तोच डेटा परत परत भरून ठेवलेला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये तो काढला आणि २३ जीबीवर आणला.

रात्रपाळीवाला
२३? मी इथं जुन्या लग्नाचे व्हिडिओ उडवायच्या तयारीत होतो.

हिशोबी
घेच म्हणतोस तर स्टीमचा नियम लक्षात ठेव, चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलास तर पैसे परत मिळतात. पण ते दोन तास चौघांनी मिळून एकाच रात्री वापरा. एकट्यानं ट्रेनिंग करत बसलास तर काही कळायचं नाही, आणि चौघांपैकी एक जरी "नंतर घेतो" म्हणाला तर तू पण थांब. मी तरी नाही घेणार.

रात्रपाळीवाला
नाशिकवाला "नंतर घेतो" म्हणालाय. आत्ताच मेसेज आला.