टीएसएच ११८, आणि आईला भिंतीपलीकडून कुजबुज ऐकू येते

प्रश्न: आई ६३ वर्षांची. दोन महिने झाले, शेजारचे आपल्याबद्दल कुजबुजतात म्हणून भिंतीला कान लावून बसते. परवा मी दिलेला पाण्याचा पेला "आधी तू पी" म्हणत माझ्याकडेच सरकवला. फार लागलं मनाला. मानसोपचारतज्ज्ञांनी तिचा घोगरा आवाज ऐकून, सुजलेला चेहरा पाहून आधी रक्त तपासायला लावलं. टीएसएच (थायरॉइड मंदावलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) ११८, म्हणजे फारच जास्त! थायरॉइडमुळे असंही होतं?

उत्तर १: होतं हो. माझंच झालं होतं. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायचे. एक वाक्य बोलायला इतका वेळ लावायचे की समोरचाच ते पूर्ण करून टाकायचा. घरचे म्हणायचे, आळस. थायरॉइडच्या गोळीनंतर आधी अंगातली थंडी गेली. संशय मात्र बरेच आठवडे चिकटून होता. तोवर तिच्याशी वाद घालू नका.

उत्तर २: मी डॉक्टर आहे. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४९ सालीच असे १४ रुग्ण नोंदवले होते. या वयात डोस हळूहळू वाढवतात, नाहीतर हृदयावर ताण येतो. टीएसएच पुन्हा ६ ते ८ आठवड्यांनी बघा. गोळी उपाशीपोटी, लोह, कॅल्शियम ४ तासांनंतर. मनोविकाराची औषधं परस्पर बंद करू नका. गुंगी आली, अंग गार पडलं, श्वास मंदावला तर थेट रुग्णालय.

प्रश्नकर्ती: अरे देवा, लोहाची गोळी ती सोबतच घेतेय! उद्यापासून वेगळी देते.