फिलिप मेडॉक: एकच मालिका, दोन भाषा

प्रश्न (जळगाव): अहिराणीतून मालिका करण्याचा विचार आमच्या नाट्यमंडळात चालू असताना वेल्सचे अभिनेते फिलिप मेडॉक यांचे नाव निघाले. त्यांच्या कारकिर्दीविषयी कोणी सांगू शकेल काय?

उत्तर (धुळे): त्यांचा जन्म १९३४ मध्ये मर्थर टिडफिल येथे झाला. कार्डिफ व व्हिएन्ना येथे भाषा शिकून, काही काळ दुभाष्याचे काम करून ते लंडनच्या ‘राडा’ नाट्यसंस्थेत गेले. जर्मन उत्तम असल्यामुळे नाझी अधिकाऱ्यांच्या भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. ‘डॅड्स आर्मी’ या ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी मालिकेत कैदेत असूनही, पकडणाऱ्यांचीच नावे यादीत टिपून घेण्याची धमकी थंडपणे देणारा त्यांचा पाणबुडी-कप्तान प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत. माझ्या मते मात्र १९८१ च्या मालिकेतील त्यांचे ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज अधिक कसदार आहेत. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

उत्तर (अमळनेर): आपल्या कामाची मालिका म्हणजे ‘अ माइंड टु किल’. तीत मेडॉक पोलीस अधिकारी असून, एकाच संचातील कलाकारांकडून तेच प्रसंग वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत पाठोपाठ चित्रित करून घेतले जात. नेपथ्याचा खर्च एकदाच होतो, कस लागतो तो नटाचा. अहिराणी आणि मराठी दोन्ही सहज बोलणारे नट आपल्याकडे गावोगावी आहेत. पैसा उभा करणे तेवढे अवघड (ते नेहमीचेच).