आमची रुतलेली गाडी ओढताना एका जीपवाल्यांचा पट्टा फाटला. नवा नेऊन दिला तर चालेल का?

कर्वेनगरची जिम्नी

नमस्कार. इथलं बरेच दिवस वाचते आहे, लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

मागच्या रविवारी आप्पांना (माझे वडील, वय ७४) घेऊन वेल्ह्याला गेले होते. नोकरीची पहिली तीन वर्षं ते तिथल्या शाळेवर होते. ढगात बुडालेला तोरणा पुन्हा एकदा बघायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. खडकवासला, खानापूर, पाबे घाट करत पोचलो. घाटात धुकं दाट होतं, पण गाडीने काही त्रास दिला नाही. माझी जिम्नी (मारुतीची छोटी फोर व्हील गाडी) २०२३ ची, मॅन्युअल. वेल्ह्यात चहा झाल्यावर आप्पा म्हणाले, आलोच आहोत तर केळदच्या बाजूला थोडं जाऊन येऊ.

पुढे रस्ता जेमतेम एका गाडीचा. एका वळणावर समोरून दुधाचा टेम्पो आला. मी गाडी डावीकडे घेतली. साइडपट्टी पावसाने आतून पोकळ झालेली होती, ती बसली आणि डावीकडची दोन्ही चाकं खाली खाचरात गेली. टेम्पोवाल्याला मागचं दिसलंही नसेल. मी ४ लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकला आणि आता निघेलच अशा खात्रीने ॲक्सिलरेटर दाबला. तिथे चुकलं माझं. चाकं जागच्या जागी फिरली, चिखल काचांवर उडाला आणि गाडी डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे आसाच्या मधल्या गोळ्यापर्यंत रुतली. पाऊस चालू, फोनला रेंज नाही, आणि आप्पा छत्री धरून रस्त्यावर उभे.

पाऊणएक तासाने मागून एक जुनी हिरवी जीप आली. वर ताडपत्री, मागे फावडं आणि पहार बांधलेली, आत तिघे जण. त्यातले मोठे, साठीचे असावेत, उतरले ते माझ्या गाडीकडे आलेच नाहीत. आधी आप्पांकडे गेले. त्यांना जीपमध्ये बसवलं, स्वतःचं जाकीट त्यांच्या अंगावर टाकलं, थर्मासातला चहा हातात दिला. मग माझ्याकडे वळले. "ताई, आता रेस देऊ नका. इंजिन बंद करा."

पुढचे दोन तास ते तिघे आमच्यासाठी चिखलात होते. आधी चाकांपुढचा चिखल फावड्याने काढला, चारी चाकांतली हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवली, चाकांखाली दगड लावले. मग माझ्या पुढच्या हुकाला पट्टा लावला आणि त्याच्या मधोमध भिजवलेलं पोतं टाकलं. आम्हाला पार वरच्या वळणापर्यंत मागे जायला लावलं. तिसऱ्या ओढीला गाडी वर आली.

पट्टा सोडताना त्यांनी त्याच्या फाश्याजवळ अंगठा फिरवला. तिथली कड फाटली होती, पिवळे धागे पिंजलेल्या कापसासारखे बाहेर आले होते. "झालं याचं," म्हणाले आणि गुंडाळून जीपमध्ये टाकला. मी पर्समधून पाच हजार काढले तर त्यांनी हात जोडले. "ते राहू द्या. घरी पोचलात की फोन करा." रात्री पावणेनऊला केला. आधी विचारलं, "आप्पांना खोकला नाही ना आला?" मग विचारलं, "चाकांत हवा भरली ना?"

तेव्हापासून तो पट्टा डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्हा जीपवाल्या लोकांत याची काही रीत आहे का? नवा पट्टा नेऊन दिला तर त्यांना ते पैसे दिल्यासारखंच वाटेल का? आणि द्यायचा तर कोणता घेऊ? मला यातलं काही कळत नाही.

जुनी जीप, धायरी

ताई, आधी आप्पा बरे आहेत ना ते सांगा.

पैसे त्यांनी घेतले नाहीत हे बरोबरच केलं. रानात अडकलेल्याकडून ओढायचे पैसे आमच्यात कुणी घेत नाही. पण काम करताना एखादी वस्तू खर्ची पडली, तर ती वस्तू परत करायला काहीच हरकत नाही. पट्टा म्हणजे त्यांचा हात आहे. तो नसेल तर पुढच्या वेळी ते कुणाला ओढणार? फक्त कुरिअरने पाठवू नका. स्वतः जा.

माझाच अनुभव सांगतो. २००१ च्या पावसाळ्यात वरंध घाटाखाली माझ्या एमएम ५४० च्या (महिंद्राची जुनी जीप) मागच्या प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा तुटला. माझ्याकडे पाने होते, पण त्या बोल्टला बसेल असा एकही नव्हता. महाडकडून वर येणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर आपली पेटी घेऊन माझ्या बरोबरीने गाडीखाली आडवा झाला. आम्ही मागचा शाफ्ट सोडवून आत ठेवला, फोर व्हील टाकला आणि नुसत्या पुढच्या चाकांवर मी जीप हळूहळू भोरपर्यंत आणली. जीपमध्ये हे करता येतं हे त्या दिवशी मला त्यानेच शिकवलं. घरी येऊन बघतो तर त्याचा एक पाना माझ्या पिशवीत. ट्रकच्या दारावर गावाचं नाव होतं. दोन महिन्यांनी विचारत विचारत गेलो आणि पाना हातात दिला. पैसे देत होतो तेव्हा हा माणूस माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता, पाना बघून मात्र मला जेवल्याशिवाय सोडेना.

आता पट्ट्याचं. दुकानात दोन जाती मिळतात. एक टो करायचा, तो ताणला जात नाही. बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर न्यायची असेल तर तो ठीक. दुसरा नायलॉनचा, तो रबरासारखा ताणला जातो आणि परत येताना रुतलेल्या गाडीला उचलून आणतो. चिखलासाठी हा घ्यायचा, साधारण ९ मीटरचा. ताकद बघताना जास्त ती चांगली असं समजू नका. तुमची जिम्नी १२०० किलोची, त्यांची जीपही तशी हलकीच. चार-पाच टनांचा पट्टा पुरे. बारा टनांचा घेतलात तर तो फारसा ताणला जाणार नाही आणि सगळा झटका शासीला, गाडीच्या सांगाड्याला बसेल. शिवणीजवळ लेबल असतं, त्यावर ताकद छापलेली नसेल तर तो पट्टा ठेवून द्या. माणसं जिवानिशी जातात यात, म्हणून एवढं सांगतोय.

त्यांनी मधोमध पोतं टाकलं आणि तुम्हाला लांब उभं केलं यावरून माणूस जाणता आहे. पट्टा तुटला की त्याचं टोक गोफणीसारखं येतं, पोत्याच्या वजनाने ते खाली बसतं.

गुरखा, भोसरी

धायरीच्या काकांशी सहमत, एक गोष्ट जोडते. एक नको, दोन पट्टे घ्या. दुसरा तुमच्या डिकीत राहू दे, सोबत दोन शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या), फावडं आणि चाकात हवा भरायचा छोटा पंप. ओढायचं ते शासीच्या हुकालाच. ट्रेलर जोडायला मागे लावतात त्या टो बॉलला पट्टा अडकवून कधीच ओढू नका, तो गोळ्यासारखा सुटतो. वापरलेला पट्टा साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा. धाग्यांत बसलेली रेती आतून कापत राहते. मला वाटतं त्यांच्या पट्ट्याचंही तेच झालं असावं, नाहीतर तीन ओढींत कड जात नाही.

मी गुरखा गाडी घेतली तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये एकटीच बाई होते. पहिल्याच दिवशी मुळशीच्या बाजूला चारदा अडकले आणि चारही वेळा सगळा ताफा थांबला. आरशात मागची गाडी दिसेनाशी झाली की पुढच्याने थांबायचं, हा आमचा पहिला नियम आहे. पुढच्या वेळी आमच्याबरोबर या. आप्पांनाही आणा.

वेल्हेकर

ताई, राग मानू नका, पण सगळं वाचलं आणि एक गोष्ट कुणी विचारलीच नाही. खाचर कुणाचं होतं?

मी तिकडचाच, सध्या नोकरीला हडपसरला. तुमची चाकं खाली गेली म्हणजे बांध फुटला असणार. लावणी झाल्यावर खाचरात दोन-तीन बोटं पाणी उभं लागतं. बांध फुटला की ते एका रात्रीत खाली जातं, टाकलेलं खत घेऊन जातं, आणि गाळ जाऊन खालच्या खाचरातल्या रोपांवर बसतो. खालचं खाचर बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं, मग त्या दोन घरांत कुरबुर. रविवारी पुण्याच्या गाड्या येतात, एखादी उतरते, ओढून काढली की सगळे टाळ्या वाजवून निघून जातात. सोमवारी आमची म्हातारी माणसं टोपल्यांनी माती वाहत बसतात.

तुम्ही मुद्दाम शेतात घातली नाहीत हे कळतं मला. पण आमच्याकडे लावणीला सावड असते. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. तुम्ही जीपवाल्यांची रीत विचारलीत म्हणून आमची सांगितली.

कर्वेनगरची जिम्नी

वेल्हेकर, राग कसला. तुमचं वाचून जेवण गेलं नाही मला. दोन तास तिथे उभी होते आणि माझं सगळं लक्ष माझ्या गाडीवर.

आमची गाडी ज्यांनी ओढली त्या जीपवाल्या काकांना लगेच फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही आप्पांचं डोकं पुसत होतात तेव्हा आम्ही दगड लावून माती ओढली होती. पण ते टिकलं नसणार, त्या रात्री पाऊस फार होता. रविवारी येताय का?"

काल जाऊन आलो. काका, त्यांचे दोघे सोबती, मी, माझा मुलगा, आणि गुरखावाल्या ताई भोसरीहून पहाटे निघून थेट आल्या. (ताई, तुमच्या आईच्या हातच्या भाकरी अजून जिभेवर आहेत.) आप्पाही हट्टाने आले. खाचर एका मावशींचं आहे. त्यांनी स्वतःच बांधावर चार टोपल्या टाकल्या होत्या, तरी हातभर भाग वाहून गेलेला. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "बाई, त्या टेम्पोला वाट द्यायलाच पायजे व्हती." मला एकदम भरून आलं.

काकांनी आधी खालून मोठे दगड बसवले, मग चिकणमाती, मग पुन्हा दगड, आणि प्रत्येक थर पायाने तुडवायचा. गाडीच्या चाकाखाली सपाट दगड कसा बसवायचा तेही तिथेच दाखवलं. सगळ्यात रुंद तोंड खाली, नाहीतर दगड फिरतो. मावशींच्या दाढेत (रोपं तयार करायच्या वाफ्यात) थोडी इंद्रायणी भाताची रोपं उरली होती. माझ्या चाकांनी दोन लांब चाऱ्या पडल्या होत्या, तिथे ती लावली. एका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, तीन-चार काड्या. मी जास्त धरायचे, मावशी काढून घ्यायच्या. खालच्या खाचरात गाळ बसलेली रोपं हाताने उभी केली, तो शेतकरी दादाही मग आमच्यात आला. मावशींनी खताचे सहाशे रुपये घेतले. मजुरीचं नाव काढू दिलं नाही. आप्पा बांधाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. गावातला एक जण त्यांच्याकडे बघत बघत आला आणि वाकून पाया पडला. आप्पांचा तिसरीतला विद्यार्थी, आता स्वतः आजोबा झालेला.

पट्टा सगळ्यात शेवटी दिला. धायरीच्या काकांनी सांगितला तसाच घेतला होता, ९ मीटर, पाच टन. जीपवाल्या काकांनी पाकीट उघडलं, आधी लेबल वाचलं, मग दोन्ही फाश्यांच्या शिवणी नखाने तपासल्या. "चांगला आणलात," एवढंच म्हणाले. मग जीपमधून जुना पट्टा काढला, मावशींकडून विळा मागून घेतला आणि दोन्ही फासे कापून टाकले. म्हणाले, "हा असाच पडून राहिला तर घाईत कुणीतरी पुन्हा लावेल." मधला चांगला भाग मला दिला, सामान बांधायला. ओढायला वापरायचा नाही, असं दोनदा बजावलं.

आता फावडं घेतलंय, लांब दांड्याचं. त्या पिवळ्या तुकड्याने बांधणार आहे. जिम्नीला मागच्या दारावर स्टेपनी असते, तिथे बांधलं तर दार उघडताना दांडा खाली टेकतो. तुम्ही कुठे बांधता?